वर्गणी कुणी भरली?

वांग्याचं भरीत ताटात पडलं की भुसावळची ती चौकशी आजही आठवते.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. मी जळगाव जिल्ह्यात गोपनीय शाखेत फौजदार होतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, त्यामुळे अहवालातलं एक वाक्यही मी उसनं घेत नसे. काम असं की ज्याच्याशी हसून बोलावं, त्याचीच फाईल उद्या टेबलावर यायची. म्हणून बोलणंच कमी ठेवलं होतं. खानावळीत कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा जेवत असे.

समोरच्या कोपऱ्यात आणखी एक जण तसाच एकटा जेवायचा. संरक्षण खात्याच्या कारखान्यातला कारकून, मूळचा शिंदखेड्याकडचा. एक दिवस त्याचीच फाईल आली. दारूगोळ्याच्या कोठारावर त्याची नेमणूक व्हायची होती, त्याआधी चारित्र्य पडताळणी हवी होती. त्या जागेबरोबर कुटुंबासाठी क्वार्टर मिळणार होतं. त्याची बायको आणि मुलगी माहेरी राहत होत्या. माझ्या एका शेऱ्यावर त्यांचं येणं अडलं होतं.

ठाण्याच्या दप्तरी गुन्हा नव्हता. शेजारी म्हणाले, सज्जन माणूस. पण सज्जन हा शब्द लोक ओळख नसलेल्या माणसासाठीही वापरतात, हे मला नोकरीनं शिकवलं होतं. कारखान्याच्या गेटसमोर एक पानवाला होता, तोही शिंदखेड्याकडचाच. त्यानं चुना लावता लावता सांगितलं, "साहेब, मानूस वाईट नही शे. पन पगारना दिन तो मांगला गेटथीन निघस."

पगाराच्या दिवशी मागच्या गेटानं निघणारा माणूस पुढच्या गेटावर कुणाला तरी टाळत असतो.

त्याला कार्यालयात बोलावलं. चहा दिला, तो त्यानं प्यायला नाही.

"कुणाचं देणं आहे?"

"नाही साहेब."

"पगाराशिवाय काही उत्पन्न?"

"नाही."

दोन्ही उत्तरं प्रश्न संपायच्या आत आली. खरं बोलणारा जरा आठवतो.

त्याच्या खात्यातली मंडळी हिवाळ्यात शेतात भरीत करायला जायची. तुरीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायची, पुऱ्या तळायच्या, सगळ्यांनी सारखी वर्गणी काढायची. वर्गणी गोळा करणारे नाना निवृत्तीला आले होते. त्यांना सहज विचारलं, "तो येतो का हो तुमच्यात?"

"कुठला येतो! घुम्या आहे. वर्गणी मात्र दरसाल पोचते."

"तो देतो?"

"छे. कारखान्याचं भंगार उचलतो तो ठेकेदार देतो ना. म्हणतो, नाना, तो आपला माणूस आहे, त्याचं माझ्याकडे लागलं."

आमच्या खानदेशात दुसऱ्याची वर्गणी भरणं साधी गोष्ट नाही. पाहुण्याची भरतात, नाहीतर गड्याची. हा त्या ठेकेदाराचा पाहुणा नव्हता.

त्याला पुन्हा बोलावलं. एकच प्रश्न विचारला, "तुमची वर्गणी ठेकेदार का भरतो?"

मग सगळं बाहेर आलं. रावेरची केळी उत्तरेला न्यायला भावाबरोबर ट्रक घेतला होता. ट्रक ह्याच्या नावावर, पण खात्याची परवानगी नाही. भाडं आलं तोवर खाल्लं, आयकराचं विवरणपत्र कधी भरलंच नाही. पुढे ट्रक उलटला आणि ट्रकसाठी ठेकेदाराकडून काढलेलं कर्ज अंगावर आलं. ठेकेदाराला कराचंही ठाऊक होतं. आधी नुसतं व्याज मागायचा. कोठाराची नेमणूक निघाल्याचं कळलं तसा म्हणाला, "आत गेलास की माल कधी हलतो तेवढं सांगत जा. व्याज माफ. नाहीतर खात्याला एक पोस्टकार्ड पुरे आहे तुला."

"सांगितलंत काही?"

"नाही साहेब."

"मग भरीत खायला का जात नाही? वर्गणी तर भरलेली असते."

तोवर शुद्ध बोलणारा तो माणूस एकदम घरच्या बोलीत आला. "भाऊ, त्याना पैसानं भरीत मी कसाले खाऊ?"

त्या एका वाक्यावर माझा विश्वास बसला. पण विश्वास अहवालात लिहिता येत नाही. मी लिहिलं : कर्ज लपवले, कर भरला नाही, दबावाखाली येण्याजोगा, माहिती फोडल्याचा पुरावा नाही. तूर्त शिफारस नाही. कर्ज खात्याला कळवून, थकलेली विवरणपत्रं भरून आल्यास फेरविचार व्हावा. नेमणूक हुकली, क्वार्टर हुकलं. ठेकेदाराची वेगळी चौकशी लागली आणि त्याचा ठेका गेला.

खानावळीत तो तसाच समोर जेवत राहिला. मान वर करत नसे. मीही नाही.

त्यानं दंडासह कर भरला, खात्याची शिक्षा सोसली, पतपेढीचं कर्ज काढून देणं मिटवलं. जामीन नाना राहिले. फाईल पुन्हा माझ्याकडे आली, त्याच हिवाळ्यात तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"साहेब, औंदा माझी वर्गणी मी भरली. तुम्ही चला ना. तुमचीही मीच भरतो."

"नाही," मी म्हणालो.

त्याला लगेच कळलं. "हां, खरंय," म्हणून हसला आणि गेला. फाईल टेबलावर असताना त्याच्या पंक्तीला बसणं मला चालणारं नव्हतं. पुढच्या आठवड्यात 'हरकत नाही' लिहून सही केली. तो बायको-मुलीला घेऊन क्वार्टरमध्ये आला तेव्हा माझी धुळ्याला बदली झाली होती.

कर्जानं माणूस विकला जात नाही. ते कुणाला सांगता येत नाही तेव्हा विकत घेणारा येतो. हे त्या चौकशीनं शिकवलं, आणि पुढच्या प्रत्येक पडताळणीत मी आधी एवढंच बघितलं, की ह्या माणसाला मनातलं सांगायला कुणी आहे का.

आता निवृत्तीनंतर धुळ्यात गॅसवर एकट्यापुरतं एक वांगं भाजतो. माझ्या टेबलावर कुणाची फाईल नाही. वर्गणी भरायला मोकळा आहे. मागायला कुणी येत नाही.