अक्काचं पिवळं फडकं

आमच्या स्टुडिओची हार्ड डिस्क दर दोन महिन्यांनी भरते. जुन्या फायली उडवल्या की जागा होते. किस्से मात्र उडवता येत नाहीत, ते साठतच जातात! परवा पुण्याहून आलेल्या मैत्रिणींना सांगायला बसले, तर फिल्टर कॉफी गार झाली आणि मी अजून पहिल्याच दिवसावर होते.

तर पहिला दिवस. त्याआधी मी बेंगळुरात व्हाइटफील्डला एका कंपनीत मोबाइल अ‍ॅपची बटणं डिझाइन करायचे. कंपनीने अर्धी टीम कमी केली, त्या अर्ध्यात मी होते. आई फोनवर रोज म्हणायची, "परत ये, इथे काय नोकऱ्या नाहीत?" मला परत जायचं नव्हतं. तेवढ्यात जे. पी. नगरमधल्या गिरिजक्काच्या फोटो स्टुडिओची जाहिरात दिसली.

अक्का म्हणजे साठीची, ठसठशीत कुंकू लावणारी, आवाज तीन दुकानांपलीकडे जाणारी बाई. घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. मी पुण्याची म्हटल्यावर म्हणाली, "म्हणजे आत्ता आलीस गे तू! बेंगळुरात मराठी आम्ही आणली. तुम्ही लोकांनी फक्त ट्रॅफिक आणलं."

स्टुडिओचं काम असं, की तुमचा साधा, सपाट फोटो घ्यायचा आणि तो जाड कॅनव्हासवर छापून लाकडी चौकटीवर ताणून बसवायचा. पण छापण्याआधी तो भिंतीवर कसा दिसेल, ते गिऱ्हाइकाला कॉम्प्युटरवर दाखवायचं. म्हणजे सपाट फोटोला बाजू द्यायच्या, कापडाचा पोत द्यायचा, मागे भिंतीवर सावली टाकायची. थ्री-डी इफेक्ट! मला वाटलं, हे तर डाव्या हाताचं काम. मी ऐटीत माझा नमुना दाखवला.

अक्काने पेन्सिलीच्या मागच्या टोकाने स्क्रीनकडे खूण केली. तिने स्क्रीनला स्वतःचं बोट कधी लावलं नाही, हा तिचा नियमच. म्हणाली, "खिडकी उजवीकडे आहे ना या खोलीला?"

"हो."

"मग सावली उजवीकडे का गे पळतेय? उजेडाला भेटायला?"

माझी ऐट तिथेच उतरली. तरी तिने ठेवून घेतलं. हातात एक कोरं पिवळं फडकं दिलं. "हे तुझं. चित्र खरं वाटलं की माणूस हात लावून बघतो. स्क्रीनवर बोटं उमटतात, ती पुसायला. ज्या दिवशी तुझ्या चित्राला हात जाईल, त्या दिवशी तुझी जागा पक्की. तोवर आपलं स्वल्प बघू."

अक्काचं स्वतःचं फडकं पार काळं पडलेलं होतं.

*

अक्काची मराठी समजायला मला वेळ लागला. दुसऱ्याच आठवड्यात एका जोडप्याचा नंदी हिल्सवरचा फोटो आला. अक्का मला 'पुणं' म्हणायची. ती आतून ओरडली, "पुणं! अंचू फार बारीक झालीये. तिला स्वल्प मोठी कर, बेगा, लवकर!"

मी फोटो पाहिला. अंजू म्हणजे बायको असणार. खरंच बारीक होती बिचारी. मी तिला मन लावून मोठी केली. उंचीही वाढली, नवऱ्यापेक्षा चार बोटं वर गेली.

अक्का आली आणि बघतच राहिली. "हे काय केलंस?"

"अंजूला मोठी केली."

"अय्यो! अंचू म्हणजे काठ गे! कन्नडात काठाला अंचू म्हणतात! चौकटीवर मुडपायला काठ कमी पडतोय म्हणाले मी!"

मी सगळं पूर्ववत करणार, इतक्यात जोडपं दारात. बाईंनी स्क्रीन पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा स्क्रीन पाहिला.

"हेच छापा," त्या म्हणाल्या.

हात मात्र कोणी लावला नाही.

*

अक्काच्या चित्रांना हात कसा जायचा, ते बघण्यासारखं असायचं. एक रिटायर्ड प्रिन्सिपॉल आले होते, काटेकोर गृहस्थ. कॉम्प्युटरची कामं आपल्याला पटत नाहीत असं दारातूनच सांगत आले. अक्काने त्यांच्या नातवाचं चित्र समोर आणलं. कापडाचा धागा न् धागा दिसत होता, खालच्या कडेला मऊ सावली.

प्रिन्सिपॉल बोलता बोलता पुढे सरकले आणि चौकटीच्या कडेवर नखाने टकटक केलं. लाकूड ऐकू येतंय का बघत होते! काच वाजल्यावर दचकले आणि म्हणाले, "लाकूड हलकं वापरता वाटतं."

अक्काने शांतपणे फडकं काढलं आणि स्क्रीन पुसला. मग माझ्या टेबलाकडे एक नजर. "पुणं, तुझा स्क्रीन बघून वाटतं, शोरूममधून आत्ताच आणलाय."

झोंबलं मला. पण खोटं कसं म्हणू? मी तेच सॉफ्टवेअर वापरत होते, तीच बटणं दाबत होते. माझी सावली सावलीसारखी दिसायची आणि तिची सावली खरीच पडायची! हेवा वाटायचा मला तिचा, आणि त्याहून जास्त कौतुक.

*

याचं कारण मला व्हाइटफील्डला कळलं. तिथल्या एका फ्लॅटमध्ये मोठा कॅनव्हास लागणार होता. मी म्हटलं, भिंतीचा फोटो मागवू. अक्का म्हणाली, "मुलीचं स्थळ फोटोवर ठरवतात का? चल." अख्खी सकाळ कॅबमध्ये गेली. तिथे पोचल्यावर तिने पडदे उघडले, मिटले, दिवे लावले, विझवले, भिंतीसमोर हात धरून सावली कुठे पडते ते पाहिलं. घरची मालकीण चहा घेऊन मागे मागे फिरत होती.

पण अक्काला एक खोड आहे. वाकडी फ्रेम तिला बघवत नाही. दवाखान्यात जाऊ दे, बँकेत जाऊ दे, वाकडं दिसलं की हात पुढे! तिथेही हॉलमधलं एक पेंटिंग तिने चालता चालता सरळ केलं.

घरमालक धावत आले. "मॅडम, मॅडम! ते तिरकंच लावायचं असतं. मॉडर्न आर्ट आहे!"

अक्काने त्यांच्याकडे पाहिलं, पेंटिंगकडे पाहिलं.

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "मग पाहुण्यांना तिरकं उभं राहायला सांगा."

*

आता नणंदेचा किस्सा. लग्नाचा ग्रुप फोटो. डाव्या टोकाला नवरीची आत्या उभी. कॅनव्हास चौकटीवर मुडपला, की टोकाचा माणूस समोरून जातो आणि बाजूच्या पट्टीवर वळतो. मी नवरीच्या आईला म्हटलं, काठ वाढवून आत्यांना समोर आणते.

"छे छे, कशाला त्रास घेता!" बाई एकदम खूश. "जाऊ दे त्यांना बाजूला. बरंच आहे."

अक्का पेन्सिल फिरवत बसली होती. "तुमच्या हॉलला दार कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

"मग दारातून येणाऱ्याला आधी ती डावी पट्टीच दिसणार. म्हणजे आधी नणंदबाई, मग तुम्ही सगळे."

बाई लगेच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काठ वाढवा हो!"

*

आणि आता शेवटचा.

एक दिवस अक्काने माझ्याकडे एक फोटो दिला. देवनहळ्ळीला तिच्या माहेरचं शेत होतं, तिथला. आता तिथे प्लॉट पाडून लेआउट झालाय, गेट आहे, वॉचमन आहे. फोटो तिच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी काढलेला. त्यांना विहीर आणि नवी गाय काढायची होती. नेमकी तेव्हाच अक्काची आई "जेवायला चला" म्हणत उजवीकडून आली आणि फोटोच्या अगदी टोकाला सापडली. बाई फोटो काढून घेणाऱ्यातली नव्हती. ती गेली, त्यानंतर शोधलं तर तिचा धड असा हा एकच फोटो निघाला.

"किती वेळा उघडला मी," अक्का म्हणाली. आवाज तीन दुकानांपलीकडे काय, टेबलापलीकडेही जात नव्हता. "मुडपलं की आई बाजूला जाते. लहान करून बसवलं तर तोंड दिसत नाही. मला नाही जमत गे. तू कर."

मी घाबरले. गिऱ्हाइकाचं बिघडलं तर पुन्हा करता येतं. हे बिघडलं असतं, तर मीच पुण्याची बस पकडली असती.

आधी अक्काच्या घरी गेले. पडदे उघडले, मिटले, भिंतीसमोर हात धरला. खिडकी डावीकडे होती, म्हणजे सावली उजवीकडे. मग फोटोतल्याच रागीच्या शेताचे तुकडे जोडून जोडून उजवा काठ वाढवला. पट्टीवर मुडपायला शेत मिळालं आणि आई समोर राहिली. पदराला हात पुसत होती, हे मला तेव्हा दिसलं. कापडाचा पोत तिच्या तोंडावर मी अगदी हलका ठेवला. सावली चार वेळा खोडली.

दुपारी सगळं जुळवून स्क्रीनवरच्या भिंतीवर बसवलं. बसवताना चित्र जरासं कललं, उजवा कोपरा खाली आला. सरळ करायला माउस हातात घेतला, तेवढ्यात अक्का आली.

माझ्या मागे उभीच राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस केलं नाही, स्क्रीनकडेच बघत बसले.

मग तिने पेन्सिल टेबलावर ठेवली. हात पुढे केला आणि बोटाने चित्राचा उजवा कोपरा हळूच वर ढकलला.

चित्र हललं नाही. तिने पुन्हा ढकलला.

"खिळा घट्ट बसलाय," असं काहीतरी पुटपुटली. मग माझं पिवळं फडकं उचललं, कोरंच होतं, त्याची नीट चौपदरी घडी घातली, मॉनिटर एका हाताने उचलला आणि घडी त्याच्या उजव्या पायाखाली सारली. मागे सरून मान तिरकी करून पाहिलं.

"आता सरी," म्हणाली आणि आत गेली.

माझा मॉनिटर अजून तसाच वाकडा आहे. आणि फडकं त्याच्याखाली असल्यामुळे, ते बोट काही पुसता आलेलं नाही.