माझ्या नावाचं कुलूप

"अगं ए बाई, झेड मोठा काढ! झाडू! झाडू टाक! विसरलीस व्हय? निम्मं आयुष्य झाडूच मारलाय की तू!"

साहेब केबिनमधून ओरडले. दिवाळी होऊन गेली होती, साखर कारखान्याचा हंगाम तोंडावर होता. आमच्या गट ऑफिसचं बाक शेतकऱ्यांनी गच्च भरलेलं. माझी तोड कवा, माझा ऊस कवा न्हेणार, एवढंच विचारायला सगळे आलेले. सगळ्यांनी ऐकलं. आधी कुणीतरी नाकातून हसलं. मग सगळं बाक हसलं.

मी मान खाली घातली. मोठा झेड काढला. झाडू. पुढं ते अॅटचं चिन्ह आणि एक-दोन-तीन. कॉम्प्युटर उघडला.

हा माझा पासवर्ड. मी ठेवलेला नव्हे. मला दिलेला.

माझे मालक कारखान्यात बॉयलरवर होते. ते गेले, त्यांच्या जागी मला घेतलं, पण झाडायला. शिराळ्याच्या बाजूचं हे गट ऑफिस मी कितीतरी वर्षं झाडलं. बाहेरून दहावी दिली. टेबलं पुसता पुसता कीबोर्डवरची अक्षरं पाठ केली, आणि मग जेवणाच्या सुट्टीत एकेक बोटानं टाकायला लागले. कुणी शिकवलं नाही, कुणी अडवलंही नाही. गंमत वाटायची त्यांना. पुढं एक क्लार्क सोडून गेला आणि नोंदी करायला माणूस मिळेना, तेव्हा मला बसवलं. पाण्याच्या फिल्टरशेजारी, कोपऱ्यात. वस्तीत पेढे वाटले मी. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. तिथली पहिली बाई खुर्चीवर बसली होती, बरं का.

ऑफिसातली सगळी मशिनं वायरनं कारखान्याच्या मोठ्या ऑफिसला जोडलेली. प्रत्येकाचं खातं वेगळं. कुणी काय नोंद केली, ते त्याच्या नावावर पडायचं. खाती उघडली त्या दिवशी साहेबांनीच सगळ्यांचे पहिले पासवर्ड घातले. एकाचा गणपती, एकाचा त्याच्या पोरीचं नाव. माझी पाळी आली तशी ते थांबले, माझ्याकडं बघून हसले आणि टाकलं. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा माणूस.

बाकीच्यांना मशीन अधूनमधून सांगायचं, मुदत संपली, नवा पासवर्ड ठेवा. मग ऑफिसात जत्रा भरायची. नवा टाकला की मशीन म्हणणार, लहान पडतोय. लांब केला की म्हणणार, हा मागं वापरलाय. कुणी देवाला शिव्या घालायचा, कुणी पोरीच्या नावापुढं आकडा वाढवायचा. साहेब येऊन चहा सांगायचे. मी कोपऱ्यातून बघायची. मला मशीननं कधीच विचारलं नाही.

मी आपणहून बदलायला गेले, एकदा न्हवे, कैक वेळा. दर वेळी लाल खूण आणि इंग्रजीत एक ओळ, बदल झाला नाही एवढंच सांगणारी. जुना पासवर्ड सावकाश टाकून बघितला. मोठ्या अक्षराचं बटन तपासलं. मशीन बंद करून चालू केलं. मागची वायर काढून पुसून घातली. तीच ओळ. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "तुझ्या हाताला यायचं न्हाई ते. ऱ्हाऊ दे."

आणि मी मानलं. हेच सांगायला जीभ जड होते. अक्षरं शिकले, इंग्रजी ओळ लावून लावून वाचायला शिकले, पण ह्या माणसानं म्हटलं तुझ्या हाताला यायचं नाही, की माझे हात मला तसे दिसायला लागायचे.

साहेबांना माझ्या मशीनवर काही करायचं असलं की आधी खिशातून रुमाल काढायचे. बटनं पुसायचे, एकेक. मग बसायचे. मला वाटायचं, धूळ असेल. धूळ कसली? रोज मीच पुसत होते की ती. माझी बोटं लागलेली बटनं पुसायची, आणि माझं नाव मात्र न पुसता वापरायचं. हे मला फार उशिरा कळलं. हौसाबाई आली त्या दिवशी.

हौसाबाई आमच्या वस्तीतली. माझ्याहून थोरली. ओढ्याकाठी तिचा एक तुकडा, वस्तीत जमीन असलेली दोन-चार घरं, त्यातलं तिचं. उसाची लागण ज्या तारखेला, त्या क्रमानं तोड येते. तिची नोंद मी स्वतः केली होती, आणि ती अगदी वरच्या नंबरात होती. ती आली ती पदर खोचूनच.

"आवं सायेब, माज्या मागनं लावल्याला ऊस तोडाय लागलं. मग माजा का न्हाई?"

साहेबांनी माझ्याच मशीनचा पडदा तिच्याकडं वळवला. "तुमची तारीख मागची पडलीया मावशी. हे बघा. नोंदीत बदल कुणी केला? नाव बघा."

"मला वाचाय येत न्हाई."

"मग बाई वाचंल की. वाच गं. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. माझंच नाव. सगळ्या बाकासमोर, मोठ्यानं, माझ्या तोंडानं. बदल केल्याची तारीख आदल्या दिवसाची होती.

"मी काल हितं नव्हते," मी म्हणाले. "काल मी सांगलीला होते, डोळ्याच्या दवाखान्यात. तुमीच रजा दिलीया."

साहेब खुर्चीत मागं रेलले. "मग पासवर्ड कुणाला दिलास? एवढं साधं सांभाळता येत न्हाई, आणि नोकरी पायजे."

जो पासवर्ड ते भरल्या ऑफिसात ओरडून सांगत होते, तो.

हौसाबाईच्या जागी ज्याचा नंबर वर गेला, तोही त्याच बाकावर बसला होता, साहेबांच्या पाव्हण्यातला. मोबाईलमध्ये बघत होता.

हौसाबाई मला एवढंच म्हणाली, "खुर्ची मिळाली, म्हून आमाला इसरलीस व्हय गं?" आणि गेली.

त्यानंतरचे दिवस. काय सांगू. नळावर मी गेले की बोलणं थांबायचं. विहारात वंदनेला बसले तर शेजारच्या बायका सरकून बसायच्या. रागानं न्हवे, अशा सरकायच्या की जणू जागा कमी पडतीय. ऑफिसात मी आधीच एकटी, डबा फिल्टरशेजारी एकटीच खायची, पण ते अंगवळणी पडलं होतं. संध्याकाळी ओढा ओलांडला की माझी माणसं, ह्या आशेवर दिवस निघायचा. आता ओढ्याच्या दोन्ही अंगाला माझं कुणी नव्हतं. पोरगी कोरेगावला दिलेली. तिला फोनवर सांगायला गेले आणि भाजीचंच बोलून फोन ठेवला.

एका दुपारी सगळे मागच्या खोलीत जेवायला बसले होते, हसण्याचा आवाज येत होता. मी परत पासवर्ड बदलायला गेले. परत लाल खूण. मशीनला चिकटवलेला एक नंबर होता, मोठ्या ऑफिसच्या कॉम्प्युटर खात्याचा. साहेब सोडून कुणी तो लावायचा नाही, असा रिवाज. मी लावला.

एका मुलीचा आवाज आला. "बोला मॅडम."

मॅडम.

"हॅलो? मॅडम, काय अडचण आहे?"

मी सांगितलं. तिनं एकेक विचारलं. मोठ्या अक्षराचं बटन बंद आहे का. वायर नीट आहे का. नवा पासवर्ड पुरेसा लांब आहे का. मी हो हो म्हणत गेले. मग पलीकडं बटनांचा आवाज.

"मॅडम, तुमचं काही चुकत नाहीये."

"आं?"

"तुमच्या खात्यावर एक खूण केलेली आहे. ही व्यक्ती स्वतःचा पासवर्ड बदलू शकणार नाही, अशी. तुमच्या ऑफिसात फक्त तुम्हालाच आहे."

"कुणी केली?"

"तुमच्या साहेबांनी सांगितलं होतं इथं. वापरणारी अडाणी आहे, विसरेल, म्हणून."

"काडता येईल का गं बाई ती?"

"त्यांनी सांगितलं तरच, मॅडम." मग आवाज बारीक झाला. "मी बोलले असं सांगू नका. आणि चुकीचा पासवर्ड परत परत टाकू नका हं, खात्याला कुलूप पडतं. मग इथूनच उघडावं लागतं, आणि प्रत्येक वेळी वर कळवावं लागतं."

फोन ठेवला. तुमचं काही चुकत नाहीये. इतकी वर्षं मी वायरी पुसत होते.

रडले नाही. डबा उघडला, सगळा खाल्ला. भाकरी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी.

दुसऱ्या दिवशी बाक भरायची वाट बघितली. साहेब आले, केबिनच्या दारातूनच म्हणाले, "काय बाई, मारला का झाडू?" बाक हसायच्या तयारीत.

मी उभी राहिले. म्हणाले, "ऐका सगळी. माजा पासवर्ड तुमाला सगळ्यास्नी ठावं हाय. सायबांनी वरडून सांगितलाय. मला तो बदलता येत न्हाई, कारण सायबांनीच तो बांधून ठेवलाय. आजपातुर माज्या नावानं काय काय झालं, मला ठावं न्हाई. आता व्हनार न्हाई."

"बस खाली!"

मी बसले. जिथं पासवर्ड टाकायचा तिथं माझं नाव टाकलं. माझं पूर्ण नाव, मालकांच्या नावासकट. मशीन म्हणालं, चूक. परत माझं नाव. चूक. परत. साहेब माझ्या मागं येऊन उभे राहिले. "काय करतीयास? बंद कर ते!" पुढं वाकले, पण रुमाल काढल्याशिवाय बटनांना हात लावायची त्यांना सवय नव्हती. ते खिसा चाचपत राहिले तेवढ्यात मी आणखी एकदा माझं नाव टाकलं. मशीननं सांगितलं, खातं कुलूपबंद.

"परत झाडू देईन हातात! समजतीस काय स्वतःला?"

"द्या. झाडू मारीन. नाव देनार न्हाई."

बाकावर कुणी हसलं नाही. कुणी उठून माझ्या शेजारी आलंही नाही. एक म्हातारा तेवढा पुटपुटला, "जाऊ द्या सायेब, बाईमाणूस हाय." एवढीच माझी बाजू.

झाडू परत हातात आला. मेमोत लिहिलं, कामात अडाणीपणा. साहेब मोठ्या ऑफिसला फोन करून माझं खातं उघडून घ्यायचे. आणि मी सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिस उघडायची. हॉल झाडायची, झाडू भिंतीला टेकवायची आणि त्या मशीनसमोर उभ्यानंच माझं नाव टाकायची. चूक. माझं नाव. चूक. कुलूप पडेस्तोवर. मग फिल्टरमध्ये पाणी भरायची. असं किती दिवस चाललं, मोजलं नाही. शेवटी वरच्या ऑफिसनं कंटाळून ते खातंच काढून टाकलं. का काढलं, कुणी विचारलं नाही. साहेबांची बदली झाली, आणखी मोठ्या खुर्चीवर.

हौसाबाईचा ऊस त्या साली उन्हाळ्यात गेला. तुरे येऊन वाळलेला, वजन नसलेला. तिच्या दारात जाऊन मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पाणी दिलं. "आसंल," म्हणाली. पुढं काही बोलली नाही. अजून बोलत नाही.

आता मी रिटायर आहे, घरी एकटी. वस्तीतल्या बायका पेन्शनसाठी, रेशनसाठी चौकातल्या सेवा केंद्रात जातात. दुकानदार म्हणतो, फोनवर आलेला नंबर सांगा, आणि त्या मोठ्यानं सांगतात. फोनच त्याच्या हातात देतात. मी जाऊन उभी राहते. म्हणते, दिऊ नगंस, तूच टाक, वेळ लागू दे. त्या चिडतात. म्हातारी खुळी झालीया म्हणतात. रांग खोळंबते, दुकानदार मला हाकलतो. मी पायरी उतरते, आणि दुसऱ्या दिवशी परत जाते.

हे मी माझ्या फोनवर, माझ्या बोटानं लिहिलंय. त्याला पासवर्ड आहे. मी ठेवलेला. पोरीनं विचारला, गंमत म्हणून. तिलाही तेच सांगितलं, जे ह्यापुढं विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगणार.

न्हाई सांगत.