पाटोद्याच्या वाटेवर ‘छ ल मा’

दादा सोमवारी वारले. घरात आम्ही दोघे भाऊच. स्वयंपाक ते करत. तेराव्यानंतरही मला घास उतरेना. पाटोद्याला दिलेल्या थोरल्या बहिणीने, अक्काने, निरोप धाडला, “ये, माझ्यासमोर बसून जेव. नाहीतर तुझ्याही दिवसांना मलाच यावं लागेल.”

बीडच्या वेशीबाहेर छकड्यात चढलो, तर आत रेशमाच्या गठ्ठ्यावर एक चिनी फेरीवाला बसलेला. त्याने हसून विचारले, “छ ल मा?” मग मोडक्या दखनीत उलगडा केला. ‘छ’ म्हणजे खाणे. आपण रामराम घालतो, तसे त्याच्या मुलखात ‘खाल्लंत का?’ विचारतात. पोट रिकामे असले तरी ‘छ ल’, म्हणजे खाल्ले, म्हणायचे आणि पुढे जायचे. ही रीत मला फारच सोयीची वाटली.

“छ ल,” मी म्हणालो.

मांजरसुंब्यापाशी बैल सोडले. एका ओट्यावरच्या बाईला त्याने विचारले, “छ ल मा?” मी पडलो मास्तर, भाषांतर केल्यावाचून राहवेना. “पाहुणे विचारतात, जेवलात का?”

“असं कावून (का) इचारतेत? उपाशी हायेत जणू!” बाई कळवळली. लगेच भाकरी आणि कोरड्यास (पातळ कालवण) आले. नको म्हणणे बरे दिसेना, म्हणून तो जेवला. पुढच्या वस्तीवर पुन्हा तेच झाले. लिंबागणेशात त्याने पट्टा सैल केला. तरी देवळाजवळची म्हातारी दिसताच सवयीने तोंडून निघालेच.

“मास्तरसाब, तर्जुमा (भाषांतर) मत करो!” तो ओरडला. पण मी करून बसलो होतो.

म्हातारीने पत्रावळीवर दोन भाकरी ठेवल्या. “आन् तुमी?”

“जेवलोय.”

ती कोरड्यास आणायला वळताच त्याने पत्रावळ माझ्यापुढे सरकवली. “छ!”

“छ ल.”

“झूट! छ!”

तो इतका काकुळतीला आला होता, की मी कोरड्याच भाकरी भराभर खाल्ल्या. घास उतरत होते. रिकामी पत्रावळ त्याने झटकन आपल्यापुढे ओढली.

“लई भूक हुती की! लाजतंय लेकरू,” म्हणत म्हातारीने त्याला आणखी दोन वाढल्या, वर कोरड्यास ओतले आणि पाण्याला गेली. त्याही मीच खाल्ल्या.

पाटोद्याला अक्काने दारातच विचारले, “जेवलास का?”

“जेवलो.”

मिशी उतरवलेल्या ओठावर कोरड्यास चिकटले होते. तिने ते पदराने पुसले, आणि ताट वाढलेच.

फेरीवाला बाजार करून पुढे गेला. मी आठवड्याने बीडला परतलो. त्याच्या भाषेतले ते एकच क्रियापद मला येते. दादा नाहीत. सकाळी मी भाकरी थापतो. ती वाकडी होते. मी ती खातो.