डिप्टीसाहेब एका जागी उभे राहतील का?

गुरुजी मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

चौथीतली सुगंधा शुद्धलेखनात नेहमी निम्मं सोडते. आज छडी घेऊन समोर गेलो, तर म्हणाली, "गुरुजी, तुमी मांगं गेले का तुमचं तोंड नाई दिसत. मंग काय लिवू?"

विचारल्यावर कळलं, तापात पोरीचे कान गेलेत, ती ओठ पाहून लिहिते, आणि मला दोन वर्षं पत्ता नाही! मी आपला रांगांमधून फिरत सांगतो. आज फळ्यापाशी उभा राहून सांगितलं. एकच चूक!

उद्या परीक्षा. शुद्धलेखन तपासणीला येणारे डिप्टीसाहेब घालतात, तेही फिरत फिरत.

घरी जाताना तिनं विचारलं, "साहेब मांगं नाई जाणार ना?" मी 'नाही जाणार' म्हणून बसलो.

आता साहेबांना 'जागचे हलू नका' सांगायचं कसं? तुमच्यापैकी कोणाची छाती झाली आहे कधी?