प्रकाशपेटीवरची हरलेली दाढ

मनोहर डॉक्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी हुडकेश्वरच्या आमच्या घरी पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बातमी कळताच तिचा हात आपोआप उजव्या गालावर गेला. "आता माह्या दाढेचा फोटो कोण पाहीन वं?" ती म्हणाली. कोणाला हा प्रश्न स्वार्थी वाटेल. वाटू दे. दातांच्या डॉक्टरला याहून मोठी श्रद्धांजली मला तरी सुचत नाही.

साखरेत घोळून लिहायला मला येत नाही. मी रुग्णांच्या हक्कांची पत्रकं लिहिते, चौकात वाटते, गरज पडली तर भांडते. नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या दवाखान्यातही आईला घेऊन मी पहिल्यांदा भांडायच्याच तयारीने गेले होते. आईच्या वरच्या दाढेचं रूट कॅनाल दुसरीकडे झालेलं, तरी हिरडीवर पुवाची पुटकुळी पुन्हा पुन्हा येत होती. एका चकाचक दवाखान्याने खुर्चीत नीट बसूही न देता निकाल दिला: दाढ काढा, इम्प्लांट बसवा. त्या बाजूला आईची चावायची तेवढी एकच दाढ उरलेली. "मले दाढ नाही काढाची," एवढंच तिचं म्हणणं. माझं म्हणणं मात्र पत्रकाच्या मसुद्यात मोठ्या टायपात तयार होतं, पहिल्या डॉक्टरच्या नावासकट.

मनोहर डॉक्टरांनी माझा मसुदा शेवटपर्यंत वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. "काहून वं पोरी, तुले दाढ वाचवाची आहे का डॉक्टर झोडपाचा आहे?"

"दोन्ही."

"मग आधी दाढ पाहू दे. डॉक्टर कुठी पळून नाही राहिला."

तेवढ्यात माझी नजर भिंतीवरच्या प्रकाशपेटीकडे गेली. बाकी सगळीकडे संगणक आले, पण यांची ती दुधी काचेची पेटी दिवसभर पेटलेली असायची. तिच्या कोपऱ्यात एक जुना एक्स-रे होता. दाढेच्या मुळात नळी साफ करायच्या सुईचा तुटका तुकडा, टोकाशी हाड झिजल्याचा काळा डाग. मी टोमणा मारला, "हा कोणाचा पराक्रम?"

"माहा," ते शांतपणे म्हणाले. "सुई माह्याच हातानं तुटली. पेशंटले तवाच सांगतलं. लय खटपट केली, पण शेवटी दाढ काढा लागली." दवाखान्यांत मी देव पाहिलेत, प्रमाणपत्रं पाहिलीत, पुढाऱ्यांसोबतचे फोटो तर ढिगाने पाहिलेत. स्वतःची हार उजेडात लावलेली मात्र तिथेच पाहिली... आई तो एक्स-रे बराच वेळ पाहत राहिली आणि मग आपणहून खुर्चीत जाऊन बसली.

त्यांनी दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणला. आत थुंकीचा थेंब गेला तर मेहनत पाण्यात, हा त्यांचा नियम. वर, "काकूले गप्प बसवाचा दुसरा उपाय नाही" ही मल्लिनाथी. वरचं फुटकं भरण उचलून भिंगाच्या चष्म्यातून शोधल्यावर कारण सापडलं. वरच्या दाढेच्या मुळांत नेहमीच्या तीन नळ्यांखेरीज कधीकधी चौथी बारीक नळी लपलेली असते. ती तशीच राहिली होती आणि जंतू तिथे सुखाने नांदत होते. पण गोष्ट तेवढ्यावर संपेना. पडदा काढल्यावर त्यांनी आईला विचारलं, "काकू, दाढेवर टोपी काहून नाही बसवली?"

"दुखणं थांबलं होतं ना!"

"घ्या! दुखणं थांबलं का नागपूरचा माणूस दवाखाना विसरते. वरचं कच्चं भरण फुटलं, थुंकी आत गेली. टोपी बसवा म्हणून सांगतलं नव्हतं पहिल्या डॉक्टरनं?"

"सांगतलं असन..."

"असन म्हणजे काय?" मी ओरडलेच. डॉक्टर गालात हसत होते.

नळ्यांतलं जुनं भरण काढणं, चारही नळ्या धुणं, औषध भरून थांबणं, मग नव्याने भरून टोपी बसवणं, सगळं त्यांनी चित्र काढून समजावलं. हमी मागितली तर नाही म्हणाले. जमलं नाही तर मुळाचं टोक कापायचं छोटं ऑपरेशन. मूळच तडकलं असेल तर दाढ काढणं. "दुखत नाही म्हणजे बरं झालं असं नाही. वर्षानं फोटो काढू. हाड भरलं तर जिंकलो."

माझ्या पत्रकावर त्यांनी एकच गोष्ट सुनावली. "चौथी नळी सापडली नाही, हा गुन्हा नाही वं. शोधलीच नाही, पेशंटले काही समजावलंच नाही, तो गुन्हा." मी तासभर वाद घातला. त्यांचं बरोबर होतं, आणि आज माझं प्रत्येक पत्रक याच फरकावर उभं आहे. दाढ काढायला सांगणाऱ्याला आधी विचारा: पुन्हा उपचार होऊ शकतो का, आणि होत नसेल तर का नाही? उत्तर न देणाऱ्याच्या खुर्चीतून उठा.

उपचार पुरे झाले, टोपीही बसली, पण वर्ष भरायच्या आतच ते गेले. मागच्या आठवड्यात आईला घेऊन मी पुन्हा महालात गेले. दवाखाना आता त्यांची विद्यार्थिनी, डॉक्टर मेधा, सांभाळते. त्यांच्या रिकाम्या स्टुलाकडे आम्ही तिघींनीही पाहायचं टाळलं. मेधाने आईचे दोन्ही एक्स-रे पेटीवर शेजारी शेजारी लावले. पहिल्यात मुळाशी काळा डाग. दुसऱ्यात तिथे हाड भरलेलं, पांढुरकं, दाट. "राहिली तुमची दाढ, काकू," ती म्हणाली. आईने पदराने डोळे पुसले.

मग मेधाने कोपऱ्यातल्या त्या तुटक्या सुईच्या एक्स-रेकडे हात नेला. "जुना झाला आता. याच्या जागी तुमचा लावू का? सरांना आवडलं असतं."

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली.

"त्याले राहू द्या, मॅडम. तो पाहूनच तर मी डॉक्टरपुढे तोंड उघडलं होतं."