मुकादमबाईंचं नाक

मुकादमबाईंच्या नाकाची लाँड्रीत दहशत होती. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं धुऊन, पिळून, गरम रुळांमधून सपाट होऊन बाहेर आली की बाई गठ्ठ्यातलं मधलंच एखादं कापड ओढायच्या, नाकाला लावायच्या आणि म्हणायच्या, "परत." बस्स, विषय संपला. साबण राहिलाय, की ओलसर असतानाच घडी घातलीय, की मशीनवाल्याने शेवटचं पाणी वाचवलंय, सगळं त्या नाकाला कळायचं. मालक म्हणायचे, "यंत्रं बिघडतील, पण बाईंचं नाक बिघडायचं नाही." बाईंना ते ऐकून बरं वाटायचं. का नाही वाटणार? हाडाची काडं करून कमावलेलं नाव होतं ते.

पण या नाकाची खरी तालीम घरी झाली होती. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ जेमतेम शाळेत जाऊ लागला होता. जन्मला तेव्हा एवढासा होता म्हणून त्याचं नाव पडलं टिल्लू. पुढे तो दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेण्याइतका वाढला, तरी टिल्लूच राहिला. बाप घरात असून नसल्यासारखा. म्हणजे टिल्लूची अंघोळ, अभ्यास, आजारपण, सगळं ताईच्या गळ्यात. दात घासायचा त्याला भारी कंटाळा. लबाड नुसता ब्रश ओला करून यायचा आणि म्हणायचा, "घासले." मग ताई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "हा कर." टिल्लू आ वासून तिच्या नाकावर 'हा' करायचा. पेस्टचा वास आला तर शाळा, नाही तर धपाटा आणि पुन्हा नळावर रवानगी.

तोच टिल्लू पुढे प्यायला लागला. कुणाच्या नादाने, कशापायी, हे उगाळून उगाळून बाईंनी स्वतःचंच डोकं झिजवलं. लग्न झालं नाही त्याचं, बाईंनी स्वतःचं केलं नाही. दोन खोल्यांत दोघं बहीणभाऊ. बाईंच्या शब्दावर तो लाँड्रीच्या गाडीवर लागला. गाडी चालवणारा वेगळा. टिल्लूने फक्त हॉटेलांच्या मागच्या दाराने आत जायचं, मळक्या कापडांचे गठ्ठे खांद्यावर आणायचे आणि धुतलेले नेऊन ठेवायचे. आता या मागच्या दारांना लागूनच असते बारची कोठी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्यातली गत! एक दिवस हा पठ्ठ्या एका हॉटेलात मळक्या चादरींच्या ढिगावरच आडवा झाला आणि घोरायला लागला. तिथल्या मॅनेजरने मालकांना फोन करून नाही नाही ते सुनावलं.

बाईंनी मालकांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. टिल्लू व्यसनमुक्ती केंद्रात गेला, बऱ्याच दिवसांनी बारीक होऊन परत आला. मालकांनी त्याला ठेवून घेतलं, पण अट घातली. "रोज सकाळी गाडी निघायच्या आधी तुम्ही त्याचा वास घ्यायचा, बाई. तुम्ही ठीक म्हणालात तर तो गाडीवर चढेल. आणि एकदा जरी नाही म्हणालात, तर मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

बाईंनी तिथल्या तिथे हो म्हटलं. त्यांना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

तेव्हापासून रोज सकाळी लाँड्रीच्या अंगणात तो सोहळा चालायचा. चारचौघांत बरं दिसावं म्हणून बाई त्याच्या गळ्यात हात टाकायच्या, जशी काही मिठीच, आणि आत दम ओढायच्या. टिल्लू मान वाकवून द्यायचा. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून विचारायचा, "झाली का गळाभेट?" बाई त्याला डोळे दाखवायच्या आणि ऑफिसच्या काचेकडे बघून मान डोलवायच्या. ठीक.

केंद्राचीही एक अट होती. पिणाऱ्याच्या घरच्या माणसाने आठवड्यातून एकदा घरच्यांच्या बैठकीला यायचं. ही बैठक भरायची एका शाळेच्या वर्गात, संध्याकाळी, शाळा सुटल्यावर. थोराड बायाबाप्यांनी पहिलीतल्या पोरांच्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसायचं. बाईंचं पहिल्याच दिवशी डोकं फिरलं. "पिणार तो, आणि शाळेत मी बसू?"

बैठक चालवायचे चष्म्याच्या दुकानातले काका. त्यांचा मुलगा अजून पीतच होता, तरी हे आपले शांत. बाईंना ती शांती बघून चीड यायची. घर जळतंय आणि हा माणूस काचा पुसल्यासारखा हळू बोलतो! तिथला कायदाही अजब. कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. ज्याने त्याने आपलं बोलायचं. कुणाला रडू आलं तर त्याला रुमालसुद्धा द्यायचा नाही. मधल्या टेबलावर कागदी रुमालांचा खोका ठेवलेला, ज्याला लागेल त्याने स्वतः उठून घ्यायचा. बाईंनी अशी माणूसघाणी तऱ्हा जन्मात पाहिली नव्हती.

"तो आज जेवला नाही," बाई सांगायच्या. "परवा चिडचिड करत होता. जुना दोस्त रस्त्यात भेटला होता म्हणे, मला ते लक्षण बरं दिसत नाही. सांगा, काय करू?"

काका सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं. आणि तुमचं काय?"

"माझं काय? मला काय धाड भरलीय?"

दर आठवड्याला हेच. बाई विचारायच्या तो कसा सुधारेल, काका विचारायचे तुमचं काय. पालथ्या घड्यावर पाणी. कुणाचा घडा पालथा होता, ते मात्र दोघांनी आपापल्या परीने ठरवलेलं.

एकदा एका तरुण मास्तरीणबाईने खाली मान घालून सांगितलं, "मी नवऱ्याची पाण्याची बाटली हुंगते. सरबत हुंगते. परवा फुलदाणीतलं पाणी हुंगलं." काका म्हणाले, "मी पोराच्या बुटात नाक घातलंय. आठवडाभर दुसरा वास आला नाही." सगळे खो खो हसले. हसता हसता बसलेल्यांतल्या दोघींचे डोळे भरले आणि त्या उठून खोक्यापाशी गेल्या. बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"तुमचं आपलं अंदाजपंचे," त्या म्हणाल्या. "माझं तसं नाही. माझं नाक चुकत नाही."

"बरं," काका म्हणाले. पुढचं बाईंना पाठ होतं.

आणि मग ती सकाळ उजाडली. आदल्या दिवशी एका हॉटेलात कसली तरी मोठी सभा झाली होती. सभेला आलेल्या शहाण्यांनी टेबलावरच्या पांढऱ्या कापडांवर बॉलपेनने चित्रं काढून ठेवलेली. त्यांना काय जातंय! शाईचे डाग स्पिरिटने निघतात, पण डाग काढणारी बाई त्या दिवशी नेमकी आली नव्हती. मुकादमबाई करवादल्या, कामाच्या कोटाच्या बाह्या न सरसावताच बसल्या आणि बोळे भिजवून भिजवून डाग घासत राहिल्या. त्या कोंदट खोलीत थोड्या वेळाने स्पिरिटचा वास येईनासाच झाला.

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बाई हात पुसत अंगणात आल्या. टिल्लूने मान वाकवली. बाईंनी त्याच्या गळ्यात हात टाकला, मोकळ्या हवेत दम ओढला.

वास. चांगला भपकारा.

"मेल्या!" त्या किंचाळल्या. गठ्ठे उचलणारे थांबले, मशीनवाला दारात आला. "प्यायलास! पुन्हा प्यायलास!"

"नाही, ताई."

"माझ्या तोंडावर खोटं बोलतोस? माझ्या?"

"ताई, नाही प्यायलो. तू जरा—"

"गप!"

मालक काचेमागून बाहेर आले. "काय, बाई?" बाईंनी मान हलवली. नाही. मालक टिल्लूला म्हणाले, "घरी जा. उद्या बघू हिशोब." टिल्लूने एकदा ताईच्या हाताकडे पाहिलं, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि फाटकातून चालता झाला. ड्रायव्हरने गळाभेटीचा विनोद केला नाही.

बाई आत आल्या. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं होतं, ते पुसायला त्यांनी कोटाची बाही तोंडाशी नेली.

वास. तोच.

त्यांनी दुसरी बाही हुंगली. कोपरापर्यंत स्पिरिटने माखलेली. हीच बाही त्याच्या गळ्यात घातली होती, आपल्याच नाकाखाली. अरे कर्मा! साऱ्या लाँड्रीचे डाग काढणारी बाई, आणि स्वतःच्या हाताचा वास भावाच्या तोंडाला लावून मोकळी झाली.

कोट फेकून त्या धावत फाटकापाशी गेल्या. रस्त्यावर टिल्लू नव्हता. घरी गेल्या, घरी नव्हता. चार गल्ल्या पालथ्या घातल्या. दारूच्या दुकानापुढून तीनतीनदा गेल्या, आत डोकावल्या, दुकानदाराने विचारलं, "काय देऊ?" तर त्यालाच दोन शब्द ऐकवून आल्या. न पिता पिण्याची शिक्षा मिळाली, तर माणूस म्हणेल, मग पिऊनच का घेऊ नये? बाईंना दुसरं काही सुचत नव्हतं. सगळी मेहनत पाण्यात घातली, आणि घातली कुणी, तर आपण.

संध्याकाळी बैठक होती. जायला दुसरी जागा नव्हती म्हणून त्या तिथे गेल्या. सगळं भडाभडा ओकल्या. "आता तरी सांगा! कुठे शोधू? मालकाला काय सांगू? तो पिऊन आला तर काय करू?"

कुणी बोललं नाही.

"अहो, तोंडं शिवलीत का? आठवड्यामागून आठवडे मी या टीचभर खुर्चीत कंबर मोडून घेतेय, ती कशासाठी? तुमची तोंडं बघायला?" बाईंचा आवाज फाटला. "आणि काका, आज जर तुम्ही मला विचारलंत ना, तुमचं काय—"

काकांनी विचारलं नाही.

"माझं काय, माझं काय! माझं हे, की मी हुंगते. पोटच्या पोरासारखा वाढवला त्याला, आणि रोज गळ्यात हात टाकते ती हुंगायला. तो केंद्रातून आला त्या दिवशीसुद्धा. सगळ्यांच्या घरची माणसं रडत होती, आणि मी आधी वास घेतला." पुढे बोलवेना. नाक गळायला लागलं, ते जगप्रसिद्ध नाक. वर्गभर माणसं बसलेली, पण एकाचा हात पुढे येईल तर शपथ. शेवटी बाई धडपडत उठल्या, खोक्यातून मूठभर रुमाल ओढले आणि तिथेच उभ्या राहून शिंकरल्या. राग इतका आला होता की खोकाच खिडकीतून भिरकावावा. तरी उठल्यावर जरा दम घेता आला, हेही खरं.

घरी आल्या तर दिवा लागलेला. टिल्लू अंडी उकडत होता. बाई आत येताच तो ओट्यापासून सरकून पलीकडच्या भिंतीला टेकला, जितकं लांब जाता येईल तितका.

"कुठे होतास" जिभेवर आलं होतं. बाईंनी ते गिळलं. "वास माझ्या बाहीचा होता," त्या म्हणाल्या. "स्पिरिटचा."

"माहीत होतं."

"माहीत होतं? मग बोलला का नाहीस, मूर्खा?"

"बोलत होतो. गप म्हणालीस." त्याने अंडी पाण्यातून काढली. "आणि बोलून काय होणार होतं, ताई? तुझं नाक खरं की माझं तोंड, हे काय कुणी विचारणार होतं?"

दोघांनी अंडी खाल्ली. तो कुठे होता ते त्याने सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. न विचारता जेवणं किती अवघड असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

सकाळी अंगणात सगळे जमले होतेच. तमाशा कुणाला नको असतो? मालक काचेमागून बाहेर आले.

"साहेब," बाई म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "काल चूक माझी झाली. वास माझ्या बाहीला होता. तो प्यायलेला नव्हता."

मशीनवाला खोकला. मालक हसले. "जाऊ द्या, होतं असं. चला, आजचा घ्या वास, गाडी निघू दे."

"नाही घेणार."

"म्हणजे?"

"आज नाही, उद्याही नाही. चादरी हुंगायचा पगार घेते मी, भाऊ हुंगायचा नाही."

मालकांचा चेहरा उतरला. "मग याला पाठवू कुणाच्या भरवशावर?"

माझ्या, असं बाईंच्या ओठांवर आलं. जन्मभराची सवय ती, अशी सहज थोडीच सुटते. "त्याला विचारा," त्या म्हणाल्या. "समोर उभा आहे. चांगला ताडमाड आहे, दिसत नाही असं नाही."

मालकांनी मान वर करून टिल्लूकडे पाहिलं. टिल्लू म्हणाला, "मी जातो, साहेब. ज्या दिवशी जाण्यासारखा नसेन, त्या दिवशी मीच येऊन सांगेन."

मालकांनी बराच वेळ दाढी खाजवली. "एक तक्रार आली की संपलं. मग ताई नाही नि माई नाही."

ड्रायव्हरने गाडी चालू केली. टिल्लू दोन पावलं गेला आणि परत फिरला. ताईपुढे येऊन त्याने मान वाकवली, आ वासला आणि डोळे मिटून थांबला. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. नळावरून आलेलं पोर जसं उभं राहायचं, तसाच उभा होता. कानशिलांवरचे केस पांढरे होत आले होते त्याचे.

बाईंनी दम रोखला. छाती दुखायला लागली, तरी नाक उघडलं नाही. पायाखालची जमीन फाटून त्यात गडप व्हावं, असं त्यांना झालं.

"टिल्लू," त्या कशाबशा म्हणाल्या, "तोंड मिट आणि जा."

त्याने तोंड मिटलं. एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पळत जाऊन गाडीवर चढला. फाटकाबाहेर गाडी वळेपर्यंत बाईंनी श्वास घेतला नाही. त्या दिवशी तो प्यायला होता की नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही.