शेगडीचाचा

थंडीच्या दिवसांत, अजून नीट उजाडलेलंही नसायचं, तेव्हा आमच्या गल्लीत एक माणूस लोखंडी घमेलं घेऊन दारोदार इस्तू मागत फिरायचा. इस्तू म्हणजे चुलीतला विस्तव. डोक्याला माकडटोपी, अंगात एकावर एक दोन स्वेटर, खांद्यावर घोंगडं आणि तोंडाने एकच हाक, "चूल पेटली का गं माय? दोन निखारं घाला." ज्या घरात आधी चूल पेटली असेल तिथली बाई उलथण्यानं निखारे ओढून घमेल्यात टाकायची आणि विचारायची, "काय चाचा, बाळंतीण बरी हाय का?" चाचा अगदी गंभीरपणे सांगायचे, "रातच्याला लई गारठली बगा. शेकल्याबिगर उठायची न्हाय." ही बाळंतीण म्हणजे त्यांची जुनी डिझेल जीप. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात तसं ते घमेलं ते जीपच्या इंजिनाखाली सरकवायचे. म्हणून सगळं गाव त्यांना शेगडीचाचा म्हणायचं.

मी त्या गावच्या उपकेंद्रात नर्स होते. माझं माहेर जळकोटचं, हायवेवरचं. तिथं रात्रभर ट्रक पळतात, गाव कधी झोपलंय असं वाटतच नाही. भूम तालुक्यातल्या त्या माळावर बदली झाली आणि थंडी काय असते ते मला कळलं. डिसेंबरात सकाळी नळाच्या पाण्यात हात घातला की बोटं आपली राहायची नाहीत. रस्ता खडीचा, तालुक्याला जाणारी एसटी दिवस वर आल्यावर, आणि बायकांच्या कळा तर नेमक्या पहाटेच सुरू व्हायच्या. सरकारी ॲम्ब्युलन्स फोन केल्यावर यायची, पण ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली असली तर काय करता? तेव्हा एकच इलाज. चाचांच्या दारात जाऊन ओरडायचं.

ओरडायचीही गरज पडायची नाही, चाचा उठलेलेच असायचे. बॅटरी ते रात्री काढून घरात आणत, गोधडीत गुंडाळून आपल्या उशापाशी ठेवत. "थंडीत बॅटरीचा जीव अर्धा होतो सिस्टर, घरात निजवली की सकाळी टवटवीत." जीप कायम उतारावर उभी, तोंड उगवतीला, म्हणजे पहिलं ऊन बॉनेटवर यावं आणि वेळ आलीच तर ढकलून चालू करता यावी. बॉनेटवर पोतं, पोत्यावर जुनी वाकळ, पुढच्या जाळीला पुठ्ठा. एवढं करून पुन्हा न्हाणीच्या चुलीवर पाण्याची तपेली चढवायची, आणि त्यातलं कोमट पाणी इंजिनावर बेताबेतानं सोडायचं. "कढत वतलं तर लोखंड तडकतं. मानसाला चालंल तेवढंच गरम पायजे."

हे सगळं झालं की सीटवर बसायचे, बिस्मिल्ला म्हणायचे आणि चावी अर्धी फिरवून थांबायचे. आतला हीटर तापायला वेळ लागतो म्हणून. मागं बाई विव्हळत असायची, सासू "चला की हो, चला की हो" करत असायची, पण चाचा ढिम्म. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो चाचा, झोपलात का?" तर शांतपणे म्हणाले, "घाई केली तर बॅटरी जाईल. मग तुमी आन मी दोघं बसू तिला खांद्यावर घिऊन." आणि मग अशी काही चावी फिरवायचे की जीप धडधडून उठायची आणि आम्ही सगळे एकदम सुटकेचा श्वास सोडायचो.

हे एवढं वेड कशापायी, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. गावात त्यांच्या शेगडीची सगळे थट्टा करत, पण एका गोष्टीवर कुणी चकार शब्द काढत नसे. त्यांच्या बायकोच्या दुसऱ्या बाळंतपणाची ती गोष्ट होती. आदल्या दिवशी चाचा शेजारच्या वाडीची पेशंट भूमला पोचवून आले, थकून जीप सपाटीवर उभी केली, बॅटरी काढायचा कंटाळा केला आणि झोपले. पहाटे बायकोला रक्त जायला लागलं. जीप चालूच होईना. सगळ्या गल्लीनं ढकलली, तरी नाही. शेवटी कुणाचा तरी ट्रॅक्टर आणला, आणि ट्रॉलीतच ती माउली आणि पोटातलं लेकरू, दोन्ही गेली. मागं राहिली चिमुरडी शबाना. मला हे सांगताना चाचा माझ्याकडं बघत नव्हते, टायरकडं बघत होते. "गावाच्या बाया पोचवल्या सिस्टर. घरची राहिली." त्या दिवसानंतर त्यांनी घमेलं हातात घेतलं.

शेगडीवरून आमची दोघांची वादावादी ठरलेली. आमच्या भागात बाळंतिणीला शेक-शेगडी करायची जुनी रीत. ती करा, पण बायका काय करतात, वारं लागायला नको म्हणून दार लावून घेतात, खिडकीत चिंध्या कोंबतात आणि आत निखारे! मी घराघरात जाऊन कानीकपाळी ओरडायची, "अगं, कोळशाचा वायू विषारी असतो. धूर दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही. दार उघडं ठेवा." आणि माझ्या बाजूनं बोलायला कोण, तर चाचा! स्वतः जाऊन दार सताड उघडायचे, सासवांना दम भरायचे, "सिस्टर सांगत्यात ते ऐका की जरा! ग्यास डोक्यात जातो, मानूस झोपल्यावानी मरतं." सगळं पाठ होतं त्यांना. म्हणूनच अजून मला त्यांचा राग येतो. अडाणी माणूस चुकला तर कळवळा तरी येतो हो. पण ज्याला सगळं ठाऊक आहे त्यानं असं करावं?

मध्यंतरी घरोघरी गॅस आला. चुली राहिल्या, पण पाण्यापुरत्या, आणि त्याही उशिरा पेटायच्या. चाचा घमेलं घेऊन हिंडायचे आणि रिकामे परत यायचे. एका बाईनं तर थट्टेनं लायटर पुढं केला, "घ्या, हेच उरलंय." चाचा हसले, पण त्याच आठवड्यात भूमच्या बाजारातून कोळशाचं पोतं जीपमध्ये टाकून आले. "कुनाच्या दारात जायला नको. ह्याला धूर बी न्हाय, आन निखारा पहाटेपातूर टिकतो." मला तेव्हा ते बरंच वाटलं. जीप अंगणात, उघड्यावर असायची. वायू काय, धूर काय, सगळं वाऱ्यावर.

शबानाचं लग्न उमरग्याकडं झालं होतं. तिला दिवस गेले, आणि व्याह्यांनी निरोप धाडला, "पोरगी इथंच राहू द्या. उमरग्यात पावलापावलावर दवाखाने आहेत, तिकडं माळावर कशाला?" खरं तर शहाण्यासारखं बोलत होते. पण पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं सगळ्याच जातीधर्मांत पक्कं. चाचा स्वतः उमरग्याला गेले आणि लेकीला घेऊन आले. व्याह्यांना म्हणाले, "माझ्या दारात जीप हाय. लेकीला काय झालं तर तोंड दाखवनार न्हाय तुमाला."

सातव्या महिन्यापासून शबानाचे पाय सुजायला लागले, बीपी वर. मी चाचांना स्पष्ट सांगितलं, "ही साधी केस नाही. कळ आली की निघायचं, वाट बघायची नाही. त्यापेक्षा आठ दिवस आधीच भूमला हलवा." तर म्हणे परक्याच्या घरी पोरगी अवघडंल. मी म्हटलं, "आणि इथं जीप अडली तर?" चाचांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी बघते तर अंगणात खांब रोवायचं काम चाललेलं. चाचांनी जीपला पत्र्याची शेड बांधली. चारी बाजूंनी पत्रा, पुढं पत्र्याचं दार. फटी राहिल्या तिथं पोत्याची चिरगुटं. मी म्हटलं, "चाचा, ही गाडी आहे का बाळंतीण?" आणि ते म्हणाले, "ह्या टायमाला दोनी एकच हायत सिस्टर." मी जाता जाता बजावलं, "कोळसा पेटवाल तेव्हा दार उघडं ठेवा बरं का." चाचा म्हणाले, "आवो, जीपला कुटं जीव हाय ग्यास लागायला!" आम्ही दोघंही हसलो.

त्या आठवड्यात माळावर थंडीची लाट होती. सकाळी वैरणीवर गोठलेलं पांढरं दव दिसायचं. शबानाला त्या रात्री चैन पडेना म्हणून चाचांनी लवकरच कोळसा पेटवला. त्यांची विधवा बहीण बाळंतपणासाठी आली होती, तिला म्हणाले, "मी गाडीतच बसतो. हाक मारली की निगायचं." वारं झोंबत होतं, इंजिन गार पडेल म्हणून त्यांनी दार आतून लावून घेतलं असणार. बॅटरी जोडलेली, इंजिनाखाली घमेलं, बॉनेटवर वाकळ, आणि चाचा स्टीअरिंगवर. झाडून सगळी तयारी.

फटफटायच्या वेळेला मला त्यांच्या बहिणीचा फोन आला. "सिस्टर, जल्दी आव, शबूला कळा लागल्यात." मी शाल गुंडाळून धावत गेले. पोरगी भिंतीला टेकून बसलेली, चेहरा सुजलेला, डोकं दुखतंय म्हणत होती. बीपी बघितलं, ते भलतंच वर गेलेलं. "चाचा कुठायत?" बहीण म्हणाली, "शेडात. हाक मारली, पन इंजिनाच्या कामात असंल म्हनून आयकू गेली नसंल."

इंजिनाचा आवाज तर येत नव्हता.

मी दार वाजवलं, लाथा घातल्या. शेजारचा दिगंबर, तो ट्रॅक्टर चालवायचा, पहार घेऊन आला आणि कडी उचकटली. आतून ऊबदार हवा अंगावर आली. धुराचं नाव नाही. चाचा सीटवर बसलेले होते, मान जरा कडेला झुकलेली, टोपी कानावर, एक हात चावीवर. आम्ही त्यांना ओढून बाहेर अंगणात आणलं. मी नाडी बघितली, डोळे बघितले, छातीवर दाब देत राहिले. दिगंबर म्हणाला, "सिस्टर, बास करा." अंग अजून गरम होतं हो, पण ते शेगडीनं.

रडायला वेळ नव्हता. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर ती परंड्याकडं गेलेली, यायला उशीर लागणार होता. आत पोरगी होती आणि तिला फिट यायची मला धास्ती होती. मी दिगंबरला म्हटलं, "जीप काढ." तो म्हणाला, "ह्या जीपमधी? आत्ता?" मी ओरडले त्याच्यावर. काय काय बोलले आठवत नाही. शेडचं दार सताड उघडं टाकून हवा खेळू दिली. चाचांच्या बहिणीनं तोंडात पदराचा बोळा कोंबून भावाच्या अंगावर बॉनेटवरची वाकळ घातली. दिगंबरनं घमेलं ओढलं, सीटवर बसला आणि चावी फिरवली.

पहिल्या झटक्याला जीप उठली. इतक्या वर्षांत मी तिला इतकी सहज चालू झालेली कधी पाहिली नव्हती. दिगंबर स्टीअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडला, आणि मग डोळे पुसून गिअर टाकला.

शबानाला आम्ही घराच्या मागच्या दारानं आणून बसवलं. ती म्हणाली, "अब्बा?" मी म्हटलं, "मागून येतायत." खोटं बोलताना माझी जीभ अडखळली नाही, नर्सची जीभ असते ती. रस्ताभर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मधूनच ती कळ सोसत म्हणायची, "अब्बा नाराज होतील, दिगूदादा गाडी आदळतोय." भूमला पोचलो, तिला तशीच आत घेतली. डॉक्टरीणबाई मला नंतर म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर दोघींपैकी कुणीच हाती लागलं नसतं. मुलगी झाली. सावळी, ठणठणीत, रडली तर सगळा वॉर्ड गोळा करील अशी.

दुपारी गावातून फोन आला. मयत किती वेळ ठेवायची, लेकीला आणणार का, विचारत होते. डॉक्टरीणबाईंनी हलवायला साफ नकार दिला. मग सांगणं आलंच. मी तिच्या खाटेवर बसले, बाळ तिच्या कुशीत होतं. नुकतीच थोडी सावरली होती. मला बघून हसली आणि म्हणाली, "सिस्टर, अब्बा आले का? खुशीत कसे तरंगत असतील आज."

मी तिचा हात धरला आणि सांगितलं. शेड, कोळसा, बंद दार, सगळं. काही झाकलं नाही. ती माझ्या तोंडाकडं नुसती बघत राहिली, जणू मी कुठल्या तरी भलत्याच माणसाविषयी बोलत होते. मग समजावल्यासारखं, हळू आवाजात मला म्हणाली,

"न्हाय हो सिस्टर. गाडी तर लगेच चालू झाली की."